नऊ नंबरचे केस

दोघी बहिणींनी एकमेकींशी बोलणं सोडलं त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पार्लर मात्र त्यापायी एक दिवसही बंद राहिलं नव्हतं. थोरली केस करायची, धाकटी चेहरे. रस्त्यालगतची एक खोली, दोन खुर्च्या, दोन आरसे. थोरली अठ्ठावन्न वर्षांची, धाकटी एक्कावन्न. थोरली समोरच्या गल्लीत नवऱ्याबरोबर राहायची, धाकटी पार्लरच्या वरच्या खोलीत एकटी.

भांडण झालं होतं थोरलीच्या मुलीच्या लग्नात. भाचीला मावशीने सजवलं होतं, चार तास खपून. थोरली आली, मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दहा पाहुण्यांच्या देखत म्हणाली, “छान झालंय. आता नवऱ्याने हिला ओळखायचं कसं, तेवढं सांग.” पाहुणे हसले. नवरीही हसली. धाकटीने ब्रश पुसले, डबा बंद केला आणि जेवायला न थांबता घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला पार्लरमध्ये हजर होती, पण तोंडात मिठाची गुळणी धरून. थोरलीला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. दोन दिवसांनी तिला स्वतःलाच राग आला.

काम एकत्र असल्यामुळे निरोप गिऱ्हाइकामार्फत जायचे.

“तिला म्हणावं, खिडकी लाव. कापलेले केस उडतायत.”

गिऱ्हाईक मान वळवून सांगायचं, “ताई, खिडकी लावा म्हणतायत.”

“त्यांना म्हणावं, मला ऐकू येतं,” धाकटी म्हणायची आणि खिडकी लावायची.

नवीन गिऱ्हाइकांना अवघडल्यासारखं व्हायचं. जुनी सरावली होती.

तर अशा या दोघींकडे त्या वर्षीच्या सौंदर्यस्पर्धेचं काम आलं. घेऊन आले सर. सर म्हणजे व्हॉलीबॉलचे निवृत्त प्रशिक्षक. स्पर्धा दरवर्षी क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये व्हायची, हॉलच्या किल्ल्या सरांकडे असायच्या, म्हणून हळूहळू सगळी स्पर्धाच त्यांच्या गळ्यात पडली होती. सौंदर्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे. त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता.

“गेल्या वर्षी काय झालं,” सर दोन खुर्च्यांच्या मधोमध स्टूल ओढून बसत म्हणाले, “एका मुलीने तीन मेकअपवाल्या आणल्या. दुसरी बिचारी बाथरूममध्ये स्वतःच पावडर लावत होती. मग आयांची भांडणं. यंदा वीसच्या वीस मुली तुमच्याच हातून जाणार. सगळ्यांना एकच चेंडू.”

थोरली म्हणाली, “चालेल. पण आधी केस, मग चेहरा. स्प्रे चेहऱ्यावर बसलेला मला खपत नाही.”

धाकटी सरांकडे बघत म्हणाली, “त्यांना सांगा, आधी चेहरा. केस कपाळावर आले की मला फाउंडेशन लावता येत नाही.”

सरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. “या तुमच्या शेजारीच बसल्या आहेत,” ते म्हणाले.

“माहीत आहे,” दोघी म्हणाल्या.

सरांनी खिशातून कागद काढला, दोन चौकोन आखले आणि बाण काढले. केस पहिले, चेहरा दुसरा, प्रत्येकीला दोन्हीकडे वीस-वीस मिनिटं. सकाळी साडेसहाला सुरुवात, दीडला शेवटची मुलगी तयार, तीनला स्पर्धा. “रोटेशन,” ते म्हणाले. धाकटीला ते पटलं नव्हतं, पण कागदावर काढलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी कळलं की मेकअपरूम म्हणून जी खोली मिळणार होती ती म्हणजे खेळाडूंची कपडे बदलायची खोली. लोखंडी कपाटं, लांब बाकं, आणि भिंतींत मुरलेला मलमाचा वास. आरसा होता, पण तो कुणा उंच खेळाडूच्या मापाने टांगलेला. त्यात धाकटीला स्वतःचे डोळे तेवढे दिसत होते. विजेची दोन बटणं होती आणि दोन्ही एकदम लावली की हॉलभर अंधार व्हायचा, हे साडेसहा वाजून पाच मिनिटांनी कळलं. थोरलीने एक ड्रायर पिशवीत परत ठेवला. धाकटीने आपली खुर्ची खिडकीखाली ओढली. कामाला सुरुवात झाली.

मुलींच्या दंडावर नंबर बांधलेले होते. नावं विचारायला वेळ नव्हता. एक नंबर झोपाळू होती, तीन नंबर सारखी आरशात बघायला उठायची, चार नंबरबरोबर तिची आई आली होती. आईला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती दारात उभी राहून सूचना देत होती. चार नंबरचे केस कमरेपर्यंत होते. “आठ वर्षं कात्री लावलेली नाही,” आई दारातून म्हणाली. थोरलीने टोकं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, “दिसतंय.”

नऊ नंबर नऊ वाजून दहा मिनिटांनी खुर्चीत बसली. चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, शांत मुलगी. दाट, काळेभोर, खांद्याखाली येणारे केस. थोरलीने कंगव्याच्या दांडीने भांग पाडला आणि तिचा हात थांबला. भांगातून डोक्याची कातडी दिसत होती, पण ती कातडी डोक्याबरोबर हलत नव्हती. पस्तीस वर्षं डोकी हाताळलेल्या बाईला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मुलगी नजर वर करून तिच्याकडे बघत होती. “मावशी, कळलं ना?” ती अगदी हळू म्हणाली.

“कळलं.”

“कुणाला सांगाल?”

“मी कुणाशी बोलत नाही,” थोरली म्हणाली. “कधीपासून?”

“एकोणिसाव्या वर्षी गेले. तीन महिन्यांत सगळे. भुवयासुद्धा. डॉक्टर म्हणाले, येतील. मग मी ठरवलं, केस आले की हे करीन, केस आले की ते करीन. पाच वर्षं गेली. मग एक दिवस म्हटलं, ते यायचे तेव्हा येतील, आपण तरी कुठेतरी जाऊन येऊ.”

“इथेच यायचं सुचलं?”

“इथे यायची सगळ्यात जास्त भीती वाटत होती.”

थोरलीने तिच्या केसांची एक बट बोटांत फिरवली. मग तिने विचारलं, “माणसाचेच आहेत ना?”

“हो.”

“मग ड्रायर चालेल.”

आणि ती कामाला लागली. थोरलीच्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत तिला पहिल्यांदाच असं डोकं मिळालं होतं जे ‘आई गं’ म्हणत नव्हतं. हव्या त्या बाजूला ओढा, हव्या तितक्या पिना खुपसा. वरचा भाग उंच उचलून, मागे वळणावर वळण घेत, एका बाजूने तिने तीन बटा अशा सोडल्या की त्या चुकून सुटल्यासारख्या वाटाव्यात. वीस मिनिटं संपली तेव्हा दहा नंबर मागे येऊन उभी होती आणि तोंड उघडं ठेवून बघत होती.

आता एकच अडचण होती. टोपाची पुढची कड कपाळावर चिकटपट्टीने बसवलेली होती. तिथे तेलकट काही लागलं की पट्टी सुटणार. हे धाकटीला सांगायला हवं होतं. पण दहा नंबर कानाजवळ उभी, आठ नंबर समोर खिडकीखाली ओठ रंगवून घेत बसलेली, चार नंबरची आई दारात.

“तिला जाऊन सांग,” थोरली नऊ नंबरला म्हणाली, “कपाळावर वरपर्यंत क्रीम लावू नको म्हणावं.”

नऊ नंबर खिडकीखालच्या खुर्चीत जाऊन बसली. “त्या म्हणतात, कपाळावर वरपर्यंत क्रीम नको.”

धाकटीच्या हातातला स्पंज थांबला. तीन वर्षं तिने निरोप ऐकले होते. खिडकीबद्दल, पाण्याबद्दल, टॉवेलबद्दल. चेहऱ्याबद्दल एकही नाही. चेहऱ्याबद्दलचं शेवटचं वाक्य तिने लग्नात ऐकलं होतं.

“त्यांना म्हणावं,” ती म्हणाली, “भांगाच्या खाली माझी हद्द.”

“नाही, म्हणजे त्याचं कारण असं की,” नऊ नंबर म्हणाली आणि थांबली, कारण दहा नंबर आता केसांच्या खुर्चीतून मान वळवून ऐकत होती.

“कारण मला माहीत आहे,” धाकटी म्हणाली आणि तिने कपाळावर भांगापर्यंत क्रीम लावलं. नेहमीपेक्षा दुप्पट. रंगवलेल्या भुवया तिच्या लक्षात आल्या, पण भुवया तर बऱ्याच मुली रंगवतात. थोरलीने हे सगळं दहा नंबरच्या डोक्यावरून पाहिलं. तिला ओरडावंसं वाटलं. पण तीन वर्षांनंतर पहिला शब्द ‘क्रीम’ असावा, हे काही तिला पटेना.

तीनला स्पर्धा सुरू झाली. हॉल खच्चून भरलेला, पंखे छताला, दिवे डोक्यावर. पहिल्या फेरीत वीस मुली ओळीने चालून गेल्या. सर पडद्याआड गळ्यात शिटी अडकवून उभे होते. ते ती वाजवत नव्हते, नुसती धरून होते.

फेरी संपून मुली पोशाख बदलायला आत आल्या. नऊ नंबर सगळ्यांत शेवटी आली, कपाळावर तळहात ठेवून, डोकं दुखत असल्यासारखी. थोरलीने तिला बघितलं आणि लगेच दोन कपाटांच्या मधल्या कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून बसवलं.

“हात काढ.”

तिने हात काढला. कड पुढून बोटभर सुटली होती.

“सहा मिनिटं!” बाहेरून सर ओरडले.

गाउनच्या रंगाप्रमाणे प्रत्येकीचे ओठ बदलायचे होते, म्हणून धाकटी ब्रश घेऊन एकेकीकडे फिरत होती. ती कोपऱ्यात आली, वाकली, आणि तिला ती सुटलेली कड दिसली. मग तिने आपल्या हातातल्या स्पंजकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं हे फक्त नऊ नंबरला दिसलं, कारण ती समोर होती.

एकीच्या हाताने होणारं ते काम नव्हतं. एकीने सगळे केस दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे, दुसरीने खालचं क्रीम पुसून नवी पट्टी लावायची. थोरलीने केस धरले. “तिला सांग,” ती सवयीने म्हणाली, “आधी स्पिरिटने…”

“त्या म्हणतात,” नऊ नंबरने तोंड उघडलं. तोंड उघडल्यावर कपाळ हललं, आणि कड आणखी अर्धं बोट सुटली.

“तू अजिबात बोलू नकोस,” धाकटी तिला म्हणाली. “तोंड मीट. भुवई पण हलवू नकोस.”

नऊ नंबरने ओठ घट्ट मिटले. बाकीच्या मुली पलीकडे गाउनच्या चेनी लावत होत्या. बोलावता येईल असं दुसरं कुणी नव्हतं. बाहेर कुणीतरी माइकची चाचणी घेत होतं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

“स्पिरिट,” थोरली म्हणाली.

धाकटीने डब्यातून बाटली काढली, कापूस भिजवला, पुसायला लागली.

“डावीकडे अजून तेलकट आहे.”

“दिसतंय मला.”

“मग पूस ना.”

“पुसतेच आहे ना, ताई!”

थोरलीचे हात तसेच राहिले. आवाज मात्र वाढला, इतका की तो खाली आणावा लागला. “मी सांगितलं होतं, क्रीम नको म्हणून.”

“कारण नव्हतं सांगितलंस.”

“कारण सांगायला तू बोलत होतीस का माझ्याशी?”

“तू बोलत होतीस?”

“बोलणं तू बंद केलंस.”

“आणि तू काय केलंस? चार लोकांत माझं हसं. माझ्या कामाचं.”

“मी चेष्टा केली गं.”

“ती चेष्टा होती हे तीन वर्षांत एकदा तरी सांगायचंस.”

थोरलीने केस आणखी घट्ट धरले. “पट्टी सरळ लाव,” ती म्हणाली. आणि जरा वेळाने, “पोरगी सुंदर दिसत होती त्या दिवशी. मला रडू येत होतं. रडू नये म्हणून काहीतरी बोलले.”

धाकटीने पट्टी सरळ लावली, कड तिच्यावर बसवून अंगठ्याने दाबली, मनातल्या मनात वीस अंक मोजले. थोरलीने केस सारखे केले, एक बट पुढे सोडली. नऊ नंबर ओठ मिटून एकीकडून दुसरीकडे डोळे फिरवत होती. बाहेर शिटी वाजली.

“आता बोल,” धाकटी म्हणाली.

“थँक्यू,” नऊ नंबर म्हणाली आणि पळाली.

पुढे जे झालं ते कुणाच्याच हातात नव्हतं. स्पर्धेत मुख्य मुकुटाशिवाय छोटी बक्षिसं होती, आणि त्यांतलं एक होतं ‘सर्वोत्कृष्ट केस’. ते एका केशतेलाच्या कारखानदाराने ठेवलं होतं आणि निर्णयही तोच देणार होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर तेल लावायला जागा भरपूर होती, लावायचं कारण मात्र उरलं नव्हतं. तो ओळीच्या मागून हात पाठीशी बांधून सावकाश चालत गेला, परत आला, आणि नऊ नंबरच्या मागे थांबला.

पडद्याआड धाकटीने थोरलीचा दंड धरला. “ताई, आता गं?”

“आता काय? केस चांगले झालेत की नाहीत?”

“झालेत.”

“मग.”

कारखानदाराने नऊ नंबरच्या खांद्यावरून पट्टा घातला, वर्षभराच्या तेलाचं खोकं पायाशी ठेवलं आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला. “सगळ्यांना सांगा, या केसांचं रहस्य काय?”

नऊ नंबरने माइक जवळ ओढला. “रात्री झोपताना काढून ठेवते,” ती म्हणाली.

सगळा हॉल हसला. कारखानदार सगळ्यांत जास्त हसला, इतका की त्याला माइक दुसऱ्या हातात घ्यावा लागला. टाळ्या पडल्या. नऊ नंबर हसली नाही, पण तीही आनंदात दिसली. पहिल्या रांगेत फक्त चार नंबरची आई हसत नव्हती.

कार्यक्रम संपल्यासंपल्या ती आत आली. आता तिला अडवायला दारात कुणी नव्हतं. मागून चार नंबर, तिच्या मागून सर, आणि सरांच्या मागून काय चाललंय ते बघायला कारखानदार.

“हा केसाने गळा कापायचा प्रकार आहे!” आई म्हणाली. “तिचे केस खोटे आहेत. तिने स्वतः सांगितलं. तुम्ही सगळे हसत बसलात.”

सरांनी नियमांची पुस्तिका काढली. ती त्यांनीच लिहिली होती, त्यांना येत होती त्या पद्धतीने. उशिरा येण्याबद्दल नियम होता, नखांबद्दल होता, पंचांशी हुज्जत घालण्याबद्दल दोन होते. केसांबद्दल काही नव्हतं. त्यांनी थोरलीकडे बघितलं. “तुम्ही सांगा. केस खरे आहेत का?”

“खरे आहेत,” थोरली म्हणाली. “माणसाचे आहेत.”

“कुठल्या माणसाचे?” आईने विचारलं.

“ते मी गिऱ्हाइकाला विचारत नाही.”

कोपऱ्यात बाकावर बसलेली नऊ नंबर उठली. धाकटी “थांब गं” म्हणाली, पण तोवर तिने दोन्ही हात वर नेऊन पट्टी सोडवली होती. तिने केस काढले, सगळ्या पिनांसकट, आणि मडकं धरावं तसे दोन हातांत धरले. तिचं डोकं लहानसं, गोल, गुळगुळीत होतं. सरांनी नकळत शिटी तोंडाला लावली, पण वाजवली नाही.

“तेल यांना द्या,” नऊ नंबर म्हणाली. “मला लागत नाही. पट्टा मी ठेवते. तो या मावशींच्या कामाचा आहे.”

बोलली ती चार नंबर. दिवसभरात पहिल्यांदाच.

“मावशी,” ती थोरलीला म्हणाली, “मला असे केस करून द्याल कधी?”

“तुला दुखेल,” थोरली म्हणाली.

“चालेल.”

आई खोकं उचलून निघून गेली. तेवढं मात्र ती विसरली नाही. कारखानदार मागे रेंगाळला. सगळे पांगल्यावर तो नऊ नंबरजवळ गेला, एकदा खाकरला आणि हळूच विचारलं, “पुरुषांचेही मिळतात का, जिथून घेतलेत तिथे?” तिने त्याला दुकानाचा पत्ता लिहून दिला.

मुकुट पंधरा नंबरला मिळाला. नऊ नंबर सातवी आली. ती केस पिशवीत ठेवून, डोक्याला रुमाल बांधून, पट्टा गाउनवर तसाच ठेवून बसस्टॉपकडे गेली.

दोघी बहिणी सामान घेऊन रिक्षात बसल्या. आता बोलायचं होतं, पण काय बोलायचं हा प्रश्न होता. तीन वर्षांतलं महत्त्वाचं सगळं एकमेकींना गिऱ्हाइकांकडून आधीच कळलेलं होतं.

“आमच्याकडे जेवायला ये,” थोरली म्हणाली.

“काय केलंयस?”

“काय करणार? सकाळपासून तुझ्याबरोबरच आहे ना मी.”

“मग अंडी घेऊ वाटेत.”

अंड्यांसाठी रिक्षा थांबवली. धाकटी उतरून दुकानाकडे वळली आणि थोरलीला तिचं डोकं मागून दिसलं. मानेवर केस एका बाजूला दोन बोटं खाली, दुसऱ्या बाजूला वर. तीन वर्षं ते कोण कापत होतं, हा विचार तिने कधी केला नव्हता.

धाकटी परत येऊन बसली.

“केस कुणी कापले तुझे?”

“मीच. आरशात बघून.”

थोरलीने बरंच काही गिळलं. “उद्या आठला खाली ये,” ती म्हणाली. “उघडायच्या आधी.”

दुसऱ्या दिवशी आठला धाकटी खाली आली आणि थोरलीच्या खुर्चीत बसली. थोरलीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले आणि मागची बाजू सारखी करायला घेतली. ते वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. नऊ वाजता दार वाजलं. थोरलीने कात्री न थांबवता दारातल्या बाईला सांगितलं, “अर्धा तास बसा. आत बहीण आहे.”